ठळक, तिरके आणि साधे : एका अक्षरवळणाची ओळख

खेळाडूच्या पाठीवर, मोटारसायकलच्या टाकीवर, मालवाहू गाडीच्या बाजूवर किंवा वर्तमानपत्रातील सवलतीच्या जाहिरातीत एका विशिष्ट वळणाचे इंग्रजी अक्षर वारंवार दिसते. ते जाड असते, उजवीकडे झुकलेले असते आणि त्याच्या रेषांची टोके सपाट कापल्यासारखी असतात. तेथे काय लिहिले आहे हे कळण्यापूर्वीच वेग, जोर, घाई यांपैकी काहीतरी डोळ्यांपर्यंत पोहोचलेले असते. मुद्रणाच्या परिभाषेत या वळणाला 'बोल्ड इटॅलिक सान्स-सेरिफ' असे लांबलचक नाव आहे. नाव परके वाटले, तरी त्यातील तिन्ही शब्द उलगडले की या अक्षराची जन्मकथाच हाती येते. कारण हे तीन गुण वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या गरजांतून निर्माण झाले आणि फार उशिरा एकत्र आले.

तिन्हींत तिरकेपणा सर्वांत जुना आहे. पंधराव्या शतकातील इटलीत विद्वान आणि कचेऱ्यांतील लेखनिक जलद लिहिण्यासाठी एक झुकते, अरुंद वळण वापरीत. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मानुशिअस यांनी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून त्या हस्ताक्षराचे ठसे कोरून घेतले आणि १५०१ मध्ये व्हर्जिल या लॅटिन कवीचे काव्य संपूर्णपणे त्या अक्षरात छापले. पुस्तक हातात सहज मावेल एवढे लहान होते. गंमत अशी, की त्यातील लहान अक्षरे तेवढी तिरकी होती. ओळीच्या आरंभीची मोठी अक्षरे सरळ उभीच होती. इटलीत जन्मलेले म्हणून या वळणाला 'इटॅलिक' म्हणू लागले.

बाळबोध आणि मोडी यांची जोडी आठवली, तर मराठी वाचकाला हा प्रकार चटकन समजेल. पोथी बाळबोधीत सावकाश लिहावी आणि पत्रे, हिशेब, दप्तर मोडीत झरझर उतरवावे, अशी पूर्वी रीत होती. इटॅलिक ही रोमन लिपीची जणू मोडीच होय. पुढे मात्र दोघींचे नशीब वेगळे झाले. सोळाव्या शतकातच युरोपातील मुद्रक इटॅलिक अक्षराला सरळ अक्षराच्या शेजारी बसवू लागले आणि ग्रंथांची नावे, परभाषेतील शब्द, जोर द्यावयाचे शब्द तिरके छापण्याची पद्धत रूढ झाली. मोडी ही वेगळी लिपीच राहिली; बाळबोध मजकुराच्या ओळीत तिला असे स्थान कधी मिळाले नाही. त्यामुळे देवनागरीला तिरक्या अक्षराचा घरचा जोडीदार लाभला नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

उरलेले दोन गुण एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये वाढले. कारखाने, दुकाने, आगगाड्या आणि नाटकगृहे यांच्या गर्दीत भिंतीवरच्या जाहिरातींची चढाओढ लागली होती. पुस्तकाचे नाजूक अक्षर रस्त्यावरून दिसत नसे. म्हणून खिळे पाडणाऱ्या कारखान्यांनी अक्षरे जाड, अधिक जाड आणि शेवटी बेढब वाटावीत इतकी जाड केली. त्याच सुमारास, १८१६ मध्ये, विल्यम कॅस्लन चौथे यांच्या नमुनापुस्तकात एक निराळीच ओळ छापली गेली. रोमन अक्षराच्या रेषेच्या टोकाशी एक छोटी आडवी टाच असते. तिला सेरिफ म्हणतात. त्या ओळीतील अक्षरांना ही टाच नव्हती. 'सान्स' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'शिवाय' असा असल्यामुळे अशा अक्षराला पुढे 'सान्स-सेरिफ' हे नाव पडले. ते सर्वांना आवडले असे मात्र नाही. त्याचे दुसरे नाव 'ग्रोटेस्क', म्हणजे विचित्र, असे होते आणि तेही अनेक वर्षे टिकले. सामान्य मजकुराच्या मधोमध एखादाच शब्द जाड छापण्याची सोय करणारे 'क्लॅरेंडन' हे अक्षर १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या लंडनमधील कारखान्यातून आले. त्याला टाच होती. पण जाडी ही केवळ आरडाओरड करण्यासाठी नसून शब्दकोशातील मूळ शब्द चटकन सापडावा अशा शांत कामासाठीही असू शकते, हे त्याने दाखविले.

हे तीन गुण एकत्र आणून त्यांना कुटुंबात रीतसर जागा देण्याचे काम विसाव्या शतकात झाले. एड्रियन फ्रुटिगर यांनी पॅरिसमधील कारखान्यासाठी १९५७ मध्ये 'युनिव्हर्स' हे एकवीस रूपांचे अक्षरकुटुंब सिद्ध केले आणि त्यातील प्रत्येक रूपाला नावाऐवजी क्रमांक दिला. पहिला अंक जाडी सांगतो. दुसरा अंक रुंदी व झुकाव सांगतो आणि तो सम असेल तर अक्षर तिरके असते. साध्या रूपाचा क्रमांक ५५, साध्या तिरक्याचा ५६, ठळकाचा ६५ आणि ठळक तिरक्याचा ६६.

क्रमांक पाहिले, की ५५ ला थोडे वाकविले आणि थोडे जाड केले म्हणजे ६६ तयार झाले, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. रोमन 'ओ' हे अक्षर म्हणजे एकसारख्या जाडीचे कडे आहे असे समजा. हे कडे यांत्रिक रीतीने उजवीकडे कलंडविले, तर त्याची वरची उजवी आणि खालची डावी बाजू जाड होते, तर वरची डावी आणि खालची उजवी बाजू बारीक होते. 'एस' या अक्षराचा मधला कणा फुगतो. 'झेड'मधील तिरपी रेघ रोडावते. उभ्या रेषाही वाकल्यावर किंचित बारीक होतात, आडव्या मात्र होत्या तशाच राहतात. अक्षर बारीक असेल, तर हे दोष नजरेआड होतात. जाड अक्षरात ते लपत नाहीत. म्हणून कुशल आरेखक अक्षर सुमारे आठ ते बारा अंशांनी झुकवून झाल्यावर प्रत्येक वळण पुन्हा हाताने दुरुस्त करतो.

जाडीचे दुखणे आणखी वेगळे आहे. रेषा फुगली, की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा कमी होते आणि ज्या ठिकाणी दोन रेषा मिळतात, तेथे काळा ठिपका जमल्यासारखा दिसतो. स्वस्त कागदावर शाई पसरल्यावर तर 'ई' आणि 'ए' यांची पोटे बुजूनच जातात. त्यावर उपाय म्हणून जोडाच्या जागी रेष मुद्दाम निमुळती करावी लागते. एकसारखी जाड दिसणारी रेषा मोजून पाहिली, तर ती एकसारखी नसतेच. ती तशी दिसावी एवढीच काळजी घेतलेली असते.

हीच क्रिया देवनागरीवर केली म्हणजे काय होते, हे संगणकावर मराठी मजकूर टंकलिखित करणाऱ्या कोणालाही पाहता येईल. ज्या अक्षरसंचाला स्वतःचे तिरके रूप नसते, त्याचा मजकूर निवडून तिरकेपणाची कळ दाबली, तर यंत्र तो मजकूर सरसकट कलंडवून देते. शिरोरेषा आडवी असल्यामुळे ती जागच्या जागी राहते. तिच्याखाली अक्षरे मात्र वाऱ्याने उडणाऱ्या दोरीवरच्या कपड्यांसारखी एका बाजूला जातात. कलंडविण्याचा नियम असा, की जी गोष्ट जितकी उंच, तितकी ती अधिक उजवीकडे सरकते आणि जी खाली असते, ती डावीकडे जाते. त्यामुळे रफार आणि अनुस्वार पुढच्या अक्षराकडे ओढले जातात, तर उकार मागच्या अक्षराच्या पायाशी जातो. 'सर्व' या शब्दातील रफार कोणाचा, हे सरावलेल्या वाचकाला संदर्भाने कळते. नुकतेच वाचायला शिकलेल्या प्रौढाला तेथे थांबावे लागते. त्यात अक्षर जाड असेल, तर अडचण दुप्पट होते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील फरक प्रामुख्याने शिरोरेषेतील लहानशा फटीवर आणि गाठीवर अवलंबून असतो. जाडीने ती फट बुजली, की अक्षरच बदलते.

म्हणूनच मराठी मुद्रणात जोर देण्यासाठी जाड खिळा, मोठा खिळा किंवा अवतरणचिन्हे यांवरच भिस्त राहिली. तिरकी, जोरकस देवनागरी दिसली ती मुख्यतः हाताने रेखाटलेल्या नावांत. वृत्तपत्रांतील मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी असंख्य नावे अक्षरांकित केली. अशा कामात कलावंत सुटे अक्षर काढीत नाही. संपूर्ण शब्दाचे चित्र काढतो आणि रफार कोठे ठेवायचा, हे त्या शब्दापुरते ठरवितो. संगणकीय अक्षरसंचाला ही मुभा नसते. त्याला कोणताही शब्द आला, तरी तोंड द्यावे लागते. अलीकडच्या काळात या दिशेने गंभीर प्रयत्न झाले आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने प्रसिद्ध केलेल्या 'पॉपिन्स' या संचात रोमन आणि देवनागरी या दोन्ही लिपींच्या जाडीच्या नऊ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला तिरके रूप आहे. त्यातील देवनागरी निनाद काळे यांनी आरेखित केली आहे. बोरूच्या तिरप्या कापामुळे येणारा जाड-बारीकपणा तेथे जवळजवळ नाहीसा केलेला असून वर्तुळे व सरळ रेषा यांवर भर आहे. बोरूचे वळण सोडून दिलेली ही देवनागरी काहींना कोरडी वाटेल. पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ती स्वच्छ वाचता येते, हेही नाकारता येत नाही.

झुकलेले अक्षर वेगवान का वाटावे? डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या डोळ्याला उजवीकडचा कल हा पुढे जाण्याचा वाटतो, हे एक कारण. धावणारा माणूस पुढे झुकतो, हे दुसरे. तिसरे कारण छायाचित्रणाच्या इतिहासातील आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी झाक हेन्री लार्तीग या फ्रेंच तरुणाने शर्यतीतील मोटारीचे छायाचित्र घेतले. त्या वेळच्या कॅमेऱ्याची फट काचेवरून हळूहळू सरकत असे. तेवढ्या अवधीत मोटार पुढे गेली आणि चाके लंबगोल होऊन पुढे झुकलेली उमटली. तो यंत्राचा दोष होता. व्यंगचित्रकार पुढे धावत्या गाडीची चाके मुद्दाम तशीच काढू लागले आणि कललेला आकार म्हणजे वेग, हे समीकरण पक्के झाले.

वेग विकणाऱ्यांनी हे अक्षर उचलले, यात नवल नाही. अधिक विचार करायला लावणारा उपयोग एका चित्रकर्तीने केला. त्यासाठी तिने निवडलेले अक्षर 'फ्युचुरा' हे होते. जर्मन आरेखक पाउल रेनर यांनी ते फ्रँकफुर्टच्या बाउअर कारखान्यासाठी तयार केले आणि १९२७ मध्ये ते बाजारात आले. त्याचा 'ओ' जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे आणि 'ए' म्हणजे वर्तुळाला टेकविलेली एक उभी काठी. एरिक गिल यांच्या १९२८ च्या 'गिल सान्स'मध्ये सरळ आणि तिरके रूप यांत लहान 'ए'चा आकारच बदलतो. तेथे हस्ताक्षराची आठवण शिल्लक आहे. फ्युचुरात असा बदल नाही. ते सरळ उभे असते तसेच, त्याच चेहऱ्याने, झुकते. रेनर यांनी १९३२ मध्ये नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका लिहिली; १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणशाळेतील पदही गमवावे लागले.

याच फ्युचुराचे ठळक तिरके रूप अमेरिकन कलावती बार्बरा क्रूगर यांनी १९८० च्या दशकात आपल्या कलेचे साधन केले. त्यांची सुरुवातीची नोकरी मासिकांत मांडणी करण्याची होती; कोणते अक्षर वाचकाचे लक्ष कसे खेचते, हे त्या रोज पाहत होत्या. जुनी कृष्णधवल छायाचित्रे घ्यावीत, त्यांवर लाल पट्ट्या बसवाव्यात आणि त्यांत पांढऱ्या अक्षरांत दोन-चार शब्दांचे वाक्य लिहावे, अशी त्यांची पद्धत. वाक्यांत 'तू', 'मी', 'आम्ही' ही सर्वनामे असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला बाजूला उभे राहता येत नाही. १९८९ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे गर्भपाताच्या हक्कासाठी स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला. त्यासाठी क्रूगर यांनी एक भित्तिपत्रक केले. स्त्रीच्या चेहऱ्याचे उभे दोन भाग, एक छायाचित्राचा नेहमीचा आणि दुसरा काळे-पांढरे उलटे केलेला. त्यावर तुझे शरीर ही युद्धभूमी आहे, अशा अर्थाचे शब्द. हेच वाक्य नाजूक टाचांच्या सरळ अक्षरात लिहिले असते, तर ते कवितेसारखे वाटले असते. जाड, तिरके, बिनटाचेचे अक्षर आल्यामुळे ते जाहिरातीसारखे दिसते, आणि जाहिरातीच्या आवाजात जाहिरात कधीच सांगणार नाही ते सांगते. बळ या विसंगतीत आहे.

बाजारानेही आपली वस्तू परत घेतली. न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या 'सुप्रीम' या कपड्यांच्या दुकानाने लाल चौकटीतील पांढरे तिरके फ्युचुरा हेच आपले बोधचिन्ह केले. क्रूगर यांच्या कामाशी असलेले साम्य उघड होते. त्याच दुकानाने २०१३ मध्ये आपल्या चिन्हाची नक्कल केली म्हणून दुसऱ्या एका कपडेविक्रेतीवर एक कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा क्रूगर यांनी या प्रकरणाची उघड खिल्ली उडविली. अमेरिकेच्या कायद्यात अक्षराच्या आकारावर लेखाधिकार मिळत नाही. संगणकीय अक्षरसंचाच्या आज्ञावलीवर तो मिळतो आणि बोधचिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येते. अक्षर सर्वांचे, चिन्ह एकाचे, असा हा पेच आहे.

रस्त्यापासून फार दूर, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, या वळणाला एक नेमके आणि शांत काम आहे. एखाद्या ठिकाणचे तापमान सांगायला एक संख्या पुरते. वाऱ्याविषयी सांगताना वेगाबरोबर दिशाही सांगावी लागते. अशा राशीला सदिश म्हणतात. पुलाच्या तुळईत एखाद्या बिंदूपाशी किती ताण आहे, हे सांगायचे तर तेवढ्यानेही भागत नाही. कोणत्या पातळीवर आणि कोणत्या दिशेने, अशा दोन्ही गोष्टी हव्यात. त्यासाठी नऊ संख्यांचा चौकोनी तक्ता लागतो. या राशीचे नाव टेन्सर. आंतरराष्ट्रीय लेखनसंकेतांनुसार एका संख्येची राशी साध्या तिरक्या अक्षरात, सदिश ठळक तिरक्या अक्षरात आणि टेन्सर ठळक, तिरक्या व बिनटाचेच्या अक्षरात छापतात. सर्वच पुस्तके हा संकेत पाळतात असे नाही; पण जेथे तो पाळला जातो, तेथे टाच असणे वा नसणे हा शोभेचा प्रश्न राहत नाही. जुळाऱ्याने एका खिळ्याच्या जागी दुसरा बसविला, तर समीकरणाचा अर्थच बदलतो.

गणितात अक्षराचे वळण असे अर्थवाही असल्यामुळे, संगणकांसाठी जगातील लिपीचिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेने २००१ मध्ये गणिती अक्षरांचा स्वतंत्र संच स्वीकारला. त्यात ठळक तिरक्या बिनटाचेच्या रोमन अक्षरांना, लहान-मोठी मिळून बावन्न, वेगळे क्रमांक आहेत. संगणकाच्या दृष्टीने साधा 'ए' आणि हा गणिती 'ए' ही दोन भिन्न चिन्हे होत. पुढे मोबाइलवर लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले, की जेथे अक्षर जाड करण्याची सोय नाही, तेथे ही गणिती चिन्हे एकापुढे एक मांडून आपले नाव किंवा जाहिरात सजविता येते. डोळ्यांना ते शब्द वाटतात.

जे डोळ्यांनी वाचू शकत नाहीत, त्यांचे काय होते? अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली वापरतात. अशी सजावट समोर आली, की काही आज्ञावली प्रत्येक चिन्हाचे पूर्ण अधिकृत नाव उच्चारतात: गणिती, बिनटाचेचे, ठळक, तिरके, मोठे 'एम', मग तीच मालिका पुढच्या अक्षरासाठी. पाच अक्षरांचे नाव ऐकायला बराच वेळ लागतो आणि शेवटी ते जुळतही नाही. काही आज्ञावली ती चिन्हे गाळून पुढे जातात. ऐकणाऱ्याला तेथे काही लिहिले होते, याचा पत्ताच लागत नाही. नोकरीच्या जाहिरातीचा मथळा किंवा मदतीचे आवाहन अशा अक्षरांत असेल, तर ते त्या माणसापुरते छापलेच गेले नाही, असे म्हणावे लागेल. वाचनात अडचण येणाऱ्या, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांचीही बाजू विचारात घेण्याजोगी आहे. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शनात बिनटाचेचे अक्षर वापरावे, तिरके अक्षर व अधोरेखन टाळावे आणि जोर देण्यासाठी ठळक अक्षर घ्यावे, असे सुचविलेले आहे. तीन गुणांपैकी दोन त्या वाचकांना साहाय्य करतात आणि एक अडथळा आणतो.

शब्द साध्या अक्षरांत लिहून त्याला लेखनाच्या आज्ञावलीतून ठळक व तिरके रूप दिले, तर यांतील सजावटीचा प्रश्न उद्भवत नाही. मूळ चिन्हे साधीच राहतात आणि यंत्र तो शब्द नेहमीसारखा वाचते. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये अशा वेगळ्या गणिती चिन्हांचा संच नाही. त्यामुळे मोबाइलवरील सजविलेल्या संदेशात इंग्रजी नाव जाड आणि झुकलेले दिसते, त्याच्या शेजारचा मराठी मजकूर सरळ उभा असतो, आणि ऐकून वाचणाऱ्यापर्यंत तेवढाच पोहोचतो.